गाणं मध्येच का थांबतं? फोनच्या आवाजाबाबत या चुका टाळा

जत्रेतल्या नाटकाचं पार्श्वसंगीत आता अनेक ठिकाणी मोबाइलवरूनच वाजतं. चवथीला आरतीआधी लावायची भजनं, रियाजाचा तंबोरा, डिचोलीहून पणजीला जाताना कानात चाललेलं कीर्तन, सगळं त्याच फोनमधून. ऐन वेळी आवाज बंद पडला की आधी फोनला नावं ठेवली जातात, मग स्पीकरला. बऱ्याचदा दोन्ही ठीक असतात.

अँड्रॉइडमध्ये ‘ऑडिओ फोकस’ नावाची व्यवस्था आहे. फोकस म्हणजे त्या वेळी वाजण्याचा हक्क. वाजू पाहणारं ॲप आधी फोकस मागतं आणि मागतानाच सांगतं: पूर्ण हवा, थोड्या वेळापुरता हवा, की बाकीच्यांनी नुसता आवाज कमी केला तरी चालेल. फोन आला की फोकस थोड्या वेळापुरता जातो, म्हणून बोलणं संपल्यावर गाणं आपोआप सुरू होतं. व्हिडिओची ॲपं मात्र सहसा पूर्ण फोकस घेतात. तो एकदा गेला की गाण्याच्या ॲपने स्वतःहून परत वाजायला लागायचं नाही, असा संकेत आहे. व्हिडिओ बंद करूनही गाणं गप्पच, हा बिघाड नव्हे. प्ले दाबा, झालं.

लगेच ॲप काढून टाकणं

ॲप काढून पुन्हा टाकण्यात किंवा फोन रिसेट करण्यात वेळ जातो आणि डाउनलोड केलेली गाणीही जातात. त्याआधी आवाज कसा बंद पडला ते आठवा. दुसऱ्या ॲपचा आवाज सुरू झाला असेल तर मामला फोकसचा. स्क्रीन बंद झाल्यावर काही मिनिटांनी, दुसरं काहीच न वाजता गाणं थांबत असेल, तर बॅटरी वाचवणारी सेटिंग त्या ॲपला मागे झोपवत असण्याची शक्यता जास्त. त्या ॲपपुरती बॅटरीवरची मर्यादा काढा.

तिसरं कारण फार कमी जणांच्या लक्षात येतं. हेडफोनची पिन सैल झाली किंवा ब्लूटूथ तुटलं की गाणं मुद्दाम थांबवलं जातं, एरवी ते चारचौघांत फोनच्या स्पीकरवर मोठ्याने वाजू लागेल. नाटकाच्या मंडपात फोनमधून मिक्सरला गेलेली वायर कोणाच्या पायात आली, पिन केसभर सरकली, तरी संगीत थांबतं. वायर टेबलाच्या पायाला टेपने चिकटवा आणि पिनेवर ताण येणार नाही इतकी ढील ठेवा.

कार्यक्रमाचा फोन आणि घरचा फोन एकच

ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते, कारण ती शेकडो लोकांसमोर उघडी पडते. प्रवेश रंगात आलेला आणि स्पीकरमधून रिंगटोन! नुसतं ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून भागत नाही. सूचनांचे आवाज बंद होतात, पण त्याच फोनवर कोणी व्हिडिओ उघडला तर तो फोकस घेणारच. शिवाय त्या सेटिंगमध्ये मीडियाला परवानगी नसेल तर तुमचं संगीतही गप्प होतं, तेव्हा ती आधी तपासा.

गाणी फोनमध्ये उतरवून घ्या, फ्लाइट मोड लावा, वाय-फाय बंद आहे ना ते पाहा आणि गरज असेल तर फक्त ब्लूटूथ परत चालू करा. अलार्म फ्लाइट मोडमध्येही वाजतो, तो आठवणीने काढा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये ‘सेपरेट ॲप साउंड’ ही सोय आहे. निवडलेल्या ॲपचा आवाज ब्लूटूथ स्पीकरवर जातो, बाकीचे फोनमध्येच राहतात. मंडळाकडे असा फोन असेल तर तिचा जरूर उपयोग करा.

तंबोरा एका ॲपवर, तबला दुसऱ्यावर

पूर्वी फोकस गेल्यावर थांबायचं की नाही, हे बरंचसं ॲपच्या शिस्तीवर होतं. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून दुसऱ्या ॲपने पूर्ण फोकस मागितला की आधीच्याचा आवाज प्रणालीच उतरवते. म्हणून जुन्या फोनवर जमणारी जोडी नव्यावर जमेलच असं नाही. तंबोरा आणि ठेका दोन्ही असलेलं एकच ॲप घ्या.

रियाज रेकॉर्ड करताना ब्लूटूथ इअरबड्सचा माइक वापरू नका. तो चालू होताच जोडणी संगीताच्या प्रकारावरून कॉलच्या प्रकारावर जाते आणि तंबोरा टेलिफोनवर ऐकल्यासारखा चपटा होतो. रेकॉर्डिंगला फोनचाच माइक निवडा.

नकाशाचा आवाज बंद करून टाकणं

वाट सांगताना नकाशा गाण्याचा आवाज कमी करतो, पण कीर्तन किंवा प्रवचन पूर्ण थांबू शकतं. बोलणं हळू झालं तर शब्द हातचे जातात, म्हणून तसं ॲप थांबणं पसंत करतं. वैतागून नकाशाला गप्प करू नका, नाहीतर गाडी चालवताना नजर स्क्रीनवर जाते. गूगल मॅप्सच्या नेव्हिगेशन सेटिंगमध्ये सूचनांचा आवाज कमी-जास्त करता येतो.

स्पीकरला सगळ्यांचे फोन जोडलेले

काही स्पीकर एकाच वेळी दोन फोनना जोडलेले राहतात. मग पेटीवाल्याच्या खिशातल्या फोनवर व्हिडिओ लागला की तुमचं भजन थांबतं, आणि तुम्ही आपल्या फोनमध्ये कारण शोधत बसता. बाकीच्यांना ब्लूटूथ बंद करायला सांगा.

आयफोनवर तंबोऱ्याचं ॲप मुकं वाटलं तर आधी सायलेंट मोड पाहा. त्यात काही ॲपं गप्प होतात, गाण्याची ॲपं मात्र वाजत राहतात.