विद्यार्थी भयपटातील शॉटची निवड : या चुका टाळा

पहिला कट, म्हणजे चित्रपटाचे पहिले कच्चे संकलन, लागतो, भूत ठरल्या जागी येते, पार्श्वसंगीतही दणक्यात वाजते, आणि तरीही पाहणाऱ्यांपैकी कोणी दचकत नाही. उलट मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसते. अशा वेळी खापर अभिनयावर, मेकअपवर किंवा तुटपुंज्या बजेटवर फुटते. पुण्यातील विद्यार्थ्यांचे लघुपट एडिटिंगच्या टप्प्यावर पाहताना माझे मत मात्र असे झाले आहे की, दोष बहुधा शॉट डिव्हिजनमध्ये, म्हणजे प्रसंग कोणकोणत्या शॉटमध्ये तोडायचा या आखणीत असतो, आणि तोही भूत दिसते त्या शॉटमध्ये नव्हे, तर त्याच्या आधीच्या दोन मिनिटांत.

जागा कळण्याआधीच घाबरवणे

पेठेतला जुना वाडा ही आपल्याकडच्या भयपटाची ठरलेली जागा आहे. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, अंधारा जिना आणि वर माळा एवढे सगळे आयते मिळत असूनही चित्रपट सुरू होतो तो नायिकेच्या विस्फारलेल्या डोळ्यांच्या क्लोज-अपने. माझ्या पहिल्या लघुपटात मीही हेच केले होते. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात रात्रभर जागून आम्ही चाळीसेक शॉट घेतले आणि एडिटिंगला बसल्यावर लक्षात आले की, माजघर आणि जिना एकाच फ्रेममध्ये दिसतील असा त्यांत एकही शॉट नाही. जिना मुलीच्या पाठीमागे अवघ्या सहा फुटांवर आहे हे आम्हाला ठाऊक होते, प्रेक्षकाला नव्हते; त्यामुळे पायऱ्यांवर वाजलेली पावले शेजारच्या बिऱ्हाडातून आल्यासारखी वाटली.

यावरचा उपाय स्वस्त आहे. काहीही घडत नसताना, मुलगी निवांतपणे अंथरूण घालत असताना, दार, जिना आणि ती स्वतः अशी तिन्ही दिसतील असा एक स्थिर वाइड शॉट सुरुवातीलाच द्यावा. पुढे ताण वाढल्यावर तोच शॉट त्याच लेन्सने, त्याच उंचीवरून पुन्हा घ्यावा आणि त्यात एकच फरक ठेवावा, उदाहरणार्थ, आधी लावलेली जिन्याच्या दाराची कडी आता निघालेली असावी. तो फरक कोणीही बोटाने दाखवू नये आणि त्यावर क्लोज-अपही घेऊ नये. तो ज्याचा त्याला सापडला पाहिजे. यासाठी ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या खुणा फरशीवर खडूने कराव्यात आणि लेन्स व कॅमेऱ्याची उंची वहीत टिपून ठेवावी, कारण दुसऱ्या रात्री ही गणिते कोणालाही आठवत नाहीत.

‘खोली लहान आहे, वाइड बसतच नाही’ अशी तक्रार येते तेव्हा बहुधा कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स असते. ती स्वस्त आहे आणि कमी प्रकाशात चांगले काम देते, म्हणून ती सर्वांच्या आवडीची. परंतु एपीएस-सी सेन्सरच्या, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १० फुटांवरून तिच्यात जेमतेम साडेचार फूट रुंदीचा भाग मावतो. त्याच अंतरावरून १८ मिमीला बारा-तेरा फूट दिसतात. कॅमेऱ्यासोबत आलेली, बॅगेत पडून राहिलेली १८-५५ ची लेन्स अशा वेळी उपयोगी पडते.

सगळेच दाखवून टाकणे

शनिवारवाड्याच्या दंतकथेवर बेतलेली एखादी तरी संहिता दरवर्षी वाचायला मिळते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांची हत्या झाली हा इतिहास, आणि ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी अजून ऐकू येते ही लोकांची सांगोवांगी. या दंतकथेत नारायणराव कोणाला दिसल्याचे फारसे कोणी सांगत नाही. सांगतात ते ऐकू येण्याविषयीच. संहिता लिहिणारे नेमके हेच विसरतात आणि रक्ताने माखलेला अंगरखा घातलेला नट समोरून, भर उजेडात, कमरेपासून वर दाखवतात. मिड शॉटमध्ये समोर उभे राहिलेले भूत हे स्नेहसंमेलनातल्या पात्रासारखे दिसते, मग मेकअप कितीही चांगला असो.

‘रोझमेरीज बेबी’ (१९६८) या चित्रपटात शेजारीण आतल्या खोलीत फोनवर बोलते तो शॉट दिग्दर्शक रोमन पोलान्स्की यांनी मुद्दाम असा लावायला सांगितला की, दाराच्या चौकटीने तिचा चेहरा झाकला जावा. चित्रपटगृहात प्रेक्षक पलीकडचे दिसावे म्हणून माना वाकवू लागले, ही आठवण छायालेखक विल्यम फ्रेकर सांगत असत. वाड्यांमध्ये जाड भिंती, बुटक्या चौकटी आणि लाकडी खांब जागोजागी असतात. कॅमेरा वीतभर सरकवला की चौकट अर्धा माणूस गिळते, आणि त्यासाठी भाड्याने काहीही आणावे लागत नाही.

क्लोज-अप आधीच उधळणे

पहिल्याच मिनिटाला घामाचा थेंब पडदाभर दाखवला, तर शेवटी आणखी जवळ जायला जागाच उरत नाही. कागदावर प्रत्येक शॉटपुढे त्याचा आकार लिहून ती यादी वरून खाली वाचावी. क्लोज-अप सुरुवातीलाच गर्दी करत असतील तर ते लगेच लक्षात येते. हाच नियम हालचालीलाही लागू आहे. संपूर्ण चित्रपट हातात कॅमेरा धरून हलवत घेतला, तर मुलगी खरोखर धावू लागते तेव्हा चित्रात काहीच बदलत नाही. संथपणे पुढे सरकायचे असल्यास झूम वापरू नये. झूममध्ये चित्र नुसते मोठे होते. कॅमेरा स्वतः पुढे गेला की जवळच्या वस्तू बाजूला सरतात आणि कोणीतरी खोलीत शिरल्याचा भास होतो. शहाबादी फरशीच्या सांध्यांवर ट्रॉलीची चाके अडखळतात, म्हणून खाली प्लायवूडची फळी टाकावी. तिरक्या फ्रेमविषयी एवढेच म्हणेन की, ती चित्रपटभरात एकदा पुरते.

नजर कोणाची, हे न ठरवणे

खिडकीच्या गजांआडून मुलीकडे पाहणारा शॉट सर्वांना हवा असतो. गजांआडून पाहिले की तिथे कोणीतरी उभे आहे असा प्रेक्षकाचा समज होतो. पुढच्याच शॉटमध्ये ती खिडकी रिकामी निघाली आणि कथेने त्याची काहीच दखल घेतली नाही, तर प्रेक्षकाला फसवले गेल्यासारखे वाटते आणि पुढच्या खऱ्या सावलीवरही त्याचा विश्वास बसत नाही. त्यामुळे असा शॉट लिहितानाच त्या नजरेचा मालक वहीत लिहावा. मुलगी आणि जिना यांच्यामधली कल्पित रेषा ओलांडण्याचेही असेच आहे. धोका डावीकडे आहे हे एकदा प्रस्थापित झाल्यावर कॅमेरा पलीकडे गेला, तर तिची नजर उलट दिशेला वळल्यासारखी दिसते आणि भीतीऐवजी गोंधळ उरतो.

अंधार म्हणजे प्रकाश नसणे, हा समज

दिवे विझवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवला की काळ्या भागात रवा, म्हणजे बारीक ठिपके, उठतो आणि तो भीतीदायक नव्हे, तर खराब दिसतो. एक दिवा खोलीबाहेर, खिडकीआड ठेवावा आणि पुढचा भाग काळ्या कापडाने अडवावा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात; शटरचा वेग १/६० सेकंद ठेवल्यास चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात, तर १/५० वर ते बहुधा दिसत नाहीत.

शॉट लवकर तोडणे

दिग्दर्शक उत्साहाने ‘कट’ म्हणतो आणि नट चौकटीबाहेर गेल्यावर मागे राहिलेला रिकामा जिना रेकॉर्डच होत नाही. एडिटरला नेमके तेच सेकंद हवे असतात. प्रत्येक टेकच्या आधी आणि नंतर दहा सेकंद कॅमेरा चालू ठेवावा. जे निसटले असेल त्यासाठी वाड्याच्या मालकांकडून पहिल्याच दिवशी आणखी एका संध्याकाळची परवानगी मागून ठेवावी आणि खडूच्या खुणा तोपर्यंत पुसू नयेत अशी विनंती झाडलोट करणाऱ्या मावशींनाही करावी.