इलेक्ट्रिकल असो की सस्पेन्शन, आधी लोड कुठे आहे ते बघा

ऑटोमोबाईल शिकायला सुरुवात केली की बेसिक इलेक्ट्रिकल आणि सस्पेन्शन हे दोन विषय एकदम दोन टोकांचे वाटतात, एकात नुसती सूत्रं आणि दुसऱ्यात पाना-हातोडा. पण मी दोन्ही शिकलोय, रोज तेच काम करतो आणि नवीन मुलांना एकच सांगतो, दोन्हीकडे पहिला प्रश्न सारखाच आहे : लोड कुठे आहे, म्हणजे इलेक्ट्रिकलमध्ये करंट आणि सस्पेन्शनमध्ये वजन कुठून जातंय?

ओहमचा नियम सगळ्यांना पाठ असतो, व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स, पण गाडीसमोर उभं राहिलं की तो आठवत नाही. समजा स्टार्टर (इंजिन सुरू करताना फिरवणारी मोटर) जड फिरतोय, बॅटरी मोजली तर १२.६ व्होल्ट, म्हणजे चार्ज भरलेला, मग स्टार्टरच गेला असं ठरवून लोक खोलायला बसतात. थांबा जरा. इंजिन फिरवताना स्टार्टर सहज १५० अँपिअर ओढतो. अर्थच्या केबलच्या (बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनला जाणारी) टोकाला गंज चढून तिथे फक्त ०.०१ ओहम रेझिस्टन्स तयार झाला असेल तर गुणाकार करून बघा, १.५ व्होल्ट तिथेच खर्च! आणि साध्या मल्टिमीटरवर एवढा बारीक रेझिस्टन्स नीट दिसत नाही, कंटिन्युइटीचा (वायर सलग आहे हे सांगणारा) बीप तर मस्त वाजतो, म्हणून केबल चांगलीच वाटते.

मग करायचं काय, तर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर (क्लॅम्पवर नाही, खालच्या शिशाच्या पोलवरच टेकवा, म्हणजे क्लॅम्पचा गंजही पकडला जातो) आणि दुसरा इंजिनच्या स्वच्छ धातूवर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.५ व्होल्टच्या वर गेला तर आधी अर्थ साफ करा. ही व्होल्टेज ड्रॉप टेस्ट हाताला बसली ना की माझ्या मते अर्धं इलेक्ट्रिकल आलं. बाकी दोन गोष्टी पक्क्या ठेवा, रेझिस्टन्स मोजताना सप्लाय बंद, आणि मीटर अँपिअरवर असताना प्रोब थेट बॅटरीच्या दोन टोकांना कधीच लावायचे नाहीत, तो सरळ शॉर्ट होतो.

आता सस्पेन्शन. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही, हे डोक्यात घट्ट बसवा. शॉकअपच्या आत पिस्टनच्या बारीक भोकांतून तेल ढकललं जातं आणि गाडीच्या उसळण्यातली एनर्जी उष्णतेत जाते, रेझिस्टरमध्ये होतं तेच. म्हणून शॉकअप गेला तर गाडी खाली बसत नाही, ती डुलत राहते. गाडी एका बाजूला बसली असेल तर आधी स्प्रिंग बघा.

बॉल जॉइंटचा (आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणारा दांडा, चाकाकडे जोडणारा गोल सांधा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, तपासताना तर लोडचा प्रश्न फारच महत्त्वाचा. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल तर वजन खालच्या बॉल जॉइंटमधून जातं, चाक नुसतं लटकवलं तरी स्प्रिंग त्याला दाबून धरते आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो, तिथे जॅक आर्मच्या खाली लावूनच तपासायचं. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असतात ती रचना) वजन स्ट्रटमधून वर जातं, तिथे चाक लटकवून चालतं.

आणि बुश! लोअर आर्मचा रबर बुश (आर्मच्या बोल्टभोवतीचं रबराचं नळकांडं) बदलला आणि गाडी लिफ्टवर असतानाच बोल्ट फुल टाइट केला तर रबर त्या लटकलेल्या स्थितीतच पकडलं जातं, गाडी खाली घेतली की ते कायम पिळलेलं राहतं आणि नवीन बुश लवकर फाटतो. बोल्ट हलका लावा, चाकांवर वजन येऊ द्या, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा.

स्ट्रट खोलताना मात्र सिनियर शेजारी असल्याशिवाय हात लावू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतकी ताकद असते, स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) नीट बसला आहे आणि स्प्रिंग सीटवरून सैल झाली आहे हे बघितल्याशिवाय वरचा नट सोडायचा नाही, तोंड स्प्रिंगच्या सरळ रेषेत ठेवायचं नाही. काम झालं की अलाइनमेंट (चाकांचे कोन) चेक करायची, नाहीतर टायर आतून खाल्ले जातात.