अंकित राष्ट्रांचा अभ्यास: आधी गृहखाते कोणाकडे ते बघा

शीतयुद्ध शिकायला घेतले की बहुतेक जण नाटो (अमेरिकेच्या बाजूची लष्करी आघाडी) १९४९ आणि वॉर्सा करार (सोव्हिएत गटाची लष्करी आघाडी) १९५५ ही दोन साले पाठ करतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. पूर्व युरोपातले देश मॉस्कोचे अंकित, म्हणजे नावाला स्वतंत्र पण मॉस्कोच्या हुकमतीखालचे, झाले ते मुख्यतः १९४५ ते १९४८ या काळात. वॉर्सा कराराच्या वेळी हे काम उरकलेले होते. म्हणून आधी एकच देश मुळापासून करा. त्यासाठी हंगेरी सर्वांत सोयीचा.

नोव्हेंबर १९४५च्या निवडणुकीत तिथे स्मॉलहोल्डर्स या शेतकऱ्यांच्या पक्षाला ५७ टक्के मते मिळाली, कम्युनिस्टांना १७. तरीही मे १९४९मध्ये मतदारांसमोर एकच यादी उरली. असे का झाले? देशात सोव्हिएत फौज होती, तिच्या दबावाखाली संमिश्र सरकार बनले आणि त्यात कम्युनिस्टांनी गृहखाते घेतले. गृहखाते म्हणजे पोलीस. फेब्रुवारी १९४७मध्ये स्मॉलहोल्डर्सचे सरचिटणीस बेला कोवाच यांना सोव्हिएत अधिकाऱ्यांनीच अटक केली. मे महिन्यात पंतप्रधान फेरेंत्स नॉज परदेशात असताना त्यांच्याकडून राजीनामा घेतला गेला. विरोधकांचा असा एकेक काप काढत जाणे म्हणजेच हंगेरीतले कम्युनिस्ट नेते राकोशी यांचे ‘सलामी डावपेच’ (सलामी हा कापून खायचा सॉसेजचा प्रकार). हे गृहखाते सांभाळलेले कम्युनिस्ट लास्लो राइकही पुढे १९४९मध्ये फासावर गेले.

हंगेरी पक्की झाली की वहीत प्रत्येक देशापुढे तेच प्रश्न लिहा: फौज होती का, गृहखाते कोणाकडे, व्यापार कोणाशी. युगोस्लाव्हियाला अंकित राष्ट्र म्हणणे ही नेहमीची चूक इथेच पकडली जाते. तिथले कम्युनिस्ट नेते टिटो यांची सत्ता मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या सैन्यावर उभी होती, म्हणून जून १९४८मध्ये कॉमिनफॉर्म या मॉस्कोप्रणीत कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेतून काढल्यावरही ते टिकले. चेकोस्लोव्हाकियाने जुलै १९४७मध्ये मार्शल योजनेच्या (युरोपच्या उभारणीसाठीच्या अमेरिकी मदतीच्या) बैठकीला आधी होकार दिला आणि मॉस्कोच्या दटावणीनंतर काही दिवसांतच मागे घेतला. बल्गेरिया, रुमानिया थोडक्यात केले तरी चालते.

आता वॉर्सा करार. त्याची तारीख १४ मे १९५५, आणि परकी फौजांनी ऑस्ट्रिया सोडण्याच्या करारावर सह्या झाल्या १५ मे रोजी. या दोन तारखा शेजारी ठेवा. १९४७च्या शांतता करारानुसार हंगेरी आणि रुमानियात सोव्हिएत फौज ठेवायला मुभा होती, ती ऑस्ट्रियातल्या आपल्या सैन्याशी दळणवळण राखण्यापुरती. ऑस्ट्रिया सोडायचा ठरल्यावर ते कारण संपत होते. नव्या कराराने नवा आधार दिला. पश्चिम जर्मनीचा नाटोप्रवेश हे कारण खरेच आहे, पण तेवढेच लिहिले तर उत्तर अर्धे राहते.

दोन गटांची तुलना करताना ‘दोन्ही सारखेच’ असे लिहू नका. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान इम्रे नॉज (फेरेंत्स नॉज वेगळे) यांनी वॉर्सा करारातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. ४ तारखेला पहाटे सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टवर हल्ला चढवला आणि १९५८मध्ये नॉज यांना फाशी झाली. उलट फ्रान्सने १९६६मध्ये नाटोची लष्करी रचना सोडली, तेव्हा फक्त नाटोचे मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला हलले. अमेरिकेचा हडेलहप्पीपणा दाखवायचा असेल तर पश्चिम युरोपात शोधू नका, ग्वाटेमाला १९५४ घ्या, जिथले निवडून आलेले सरकार अमेरिकेने उलथवले.

भारताचा धागा जोडताना फक्त बांडुंग (१९५५ची आशियाई-आफ्रिकी परिषद) आणि बेलग्रेड (१९६१ची अलिप्त राष्ट्रांची परिषद) यांवर थांबू नका. नोव्हेंबर १९५६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली हंगेरीत निवडणुका मागणाऱ्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. त्याच सुमारास ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल यांनी इजिप्तमध्ये सुएझ कालव्यासाठी केलेल्या आक्रमणाचा मात्र कडक शब्दांत निषेध केला. अलिप्ततावादावरचे उत्तर या दोन भूमिका समोरासमोर ठेवून सुरू करा.