गावातील सैनिक-स्मृतिस्तंभाची निगा कशी राखावी

स्मृतिस्तंभाच्या दगडाला पाणी लावण्यापूर्वी त्यावरील अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत, हा या कामाचा पहिला नियम आहे. आमच्या गावी एका राष्ट्रीय दिनाच्या आदल्या दिवशी काही उत्साही मंडळींनी फरशी धुण्याचे अ‍ॅसिड स्तंभाच्या संगमरवरी पाटीवर ओतले. क्षणभर फेस आला, पाटी पांढरीशुभ्र झाली आणि दोन नावे कायमची पुसली गेली. संगमरवर आणि चुनखडक मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असल्यामुळे आम्लात विरघळतात, आणि जो थर विरघळतो त्यातच अक्षरांच्या कडा असतात. लिंबू आणि व्हिनेगर यांनीही हेच नुकसान होते. त्या दोन नावांपैकी एक आम्हांला शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरवरून जुळवता आले. दुसरे अद्याप मिळालेले नाही.

अक्षरे पुसट असतील तर त्यांत खडू किंवा पीठ भरू नये. अंधार पडल्यावर बॅटरी पाटीच्या अगदी कडेला, पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर धरावी. तिरप्या उजेडात खोदीव अक्षरांच्या सावल्या पडतात आणि दिवसा न दिसणारी मात्राही वाचता येते. प्रकाश चारही बाजूंनी देऊन प्रत्येक वेळी छायाचित्र घ्यावे. मग ओळीमागून ओळ वहीत लिहावी, दगडावर जे शुद्धलेखन आहे तेच ठेवावे आणि न लागणाऱ्या अक्षराच्या जागी टिंब द्यावे. अंदाजाने नाव पूर्ण करणे म्हणजे एका माणसाच्या जागी दुसऱ्याला उभे करणे होय. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत असावी.

पहिल्या महायुद्धानंतर भारतातील अनेक गावांत लावलेल्या पाट्यांवर नावे नसून, या गावातून किती माणसे १९१४ ते १९१९ च्या युद्धावर गेली आणि त्यांपैकी किती परतली नाहीत, एवढे आकडेच आहेत. तुमच्या गावी तशी पाटी असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावरील विनामूल्य यादीत शोध घ्यावा, कारण तेथे दोन्ही महायुद्धांतील मृतांच्या नोंदी आहेत आणि भारतीय शिपायांच्या नावापुढे पुष्कळदा वडिलांचे नाव व गावही दिलेले असते. गावाचे नाव इंग्रजी लिपीत कसेही लिहिलेले असू शकते, म्हणून चार-पाच पर्यायांनी शोधावे. स्वातंत्र्योत्तर काळातील हुतात्म्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करावी. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर, ज्याचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले, त्यांची नावे कोरलेली आहेत.

प्रत्यक्ष कामाआधी ग्रामसभेचा ठराव घ्यावा आणि स्मारक संरक्षित यादीत नाही याची पुरातत्त्व विभागाकडून खात्री करावी.

यानंतर दगड ओळखावा. पश्चिम विदर्भात बहुधा काळा बेसाल्ट असतो व तो कणखर असतो. वणी-कोरपना पट्ट्यात चुनखडक मिळतो, तर नागपूर-कामठीकडचा वालुकाश्म पाणी शोषतो आणि घासल्यास त्याचे कण सुटतात. धुण्यासाठी पावसाळ्यानंतरचे दिवस निवडावेत आणि काम सकाळीच करावे. वैशाखात तापलेल्या दगडावर गार पाणी ओतल्यास त्याला तडा जाऊ शकतो. साधे स्वच्छ पाणी आणि मऊ केसांचा ब्रश पुरेसा आहे. दगड आधी खालून वर भिजवावा, म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या भागात मुरत नाहीत. दगडफूल भिजवून बांबूच्या चपट्या काडीने अलगद सोडवावे. तारेचा ब्रश कदापि वापरू नये, कारण त्याचे लोखंडी कण दगडात अडकून गंजाचे डाग पडतात. ऑइलपेंटने स्तंभ रंगवण्याची पद्धत तर थांबवायलाच हवी: आतला ओलावा बाहेर पडू शकत नाही, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्यासोबत दगडाचा वरचा थरही निघतो.

आपल्याकडे खरे संकट पायाखाली असते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे चबुतरा दरवर्षी थोडाथोडा हलतो. स्तंभ कलला असेल तर वरून टेकू किंवा सिमेंटचा लेप देऊन उपयोग नाही; चबुतऱ्याभोवती पाणी साचणार नाही असा उतार काढून नाली करावी, आणि कल वाढतच असेल तर अभियंत्याला दाखवावे. जुने सांधे चुन्यात असतील तर दरजाही चुन्यानेच भराव्यात, कारण सिमेंट चुन्यापेक्षा कठीण राहून ओलावा दगडातच कोंडून ठेवते. फटीत उगवलेले पिंपळाचे रोप कोवळे असतानाच काढावे. मुळे खोल गेली असल्यास ओढू नये, अन्यथा दगड निखळतात.

शोधात मिळालेली नवी नावे जुन्या पाटीवर कोरू नयेत. शेजारी स्वतंत्र पाटी बसवावी आणि पाथरवटाला मजकूर देण्यापूर्वी संबंधित कुटुंबाकडून तो वाचून घ्यावा. आमच्या पाटीवर एक ओळ मोकळी सोडली आहे. हारांसाठी दगडात खिळे ठोकू नयेत, कारण गंजलेले लोखंड फुगून दगड फोडते. त्याऐवजी समोर लाकडी चौकट उभी करावी आणि कार्यक्रमानंतर दुसऱ्याच दिवशी हार उतरवावेत.