निपलवरून पाइप गळतोय? क्लिप आवळण्याआधी या चुका टाळा

नळाच्या किंवा पंपाच्या निपलपाशी, म्हणजे एका बाजूला आटे आणि दुसऱ्या बाजूला पाइप चढवायच्या कडा असलेल्या तुकड्यापाशी, पाणी ठिबकायला लागलं की बहुतेक जण आधी क्लिप अजून दोन फेरे आवळतात. गळती दोन दिवस थांबते आणि मग पहिल्यापेक्षा जास्त सुरू होते. निपलवर पाणी अडतं ते पाइप त्याच्या चढत्या कडांवर ताणून बसल्यामुळे. तो ताण सुटू न देणं एवढंच क्लिपचं काम आहे. पाइप मुळातच सैल असेल तर कितीही चांगली क्लिप लावली तरी जोड पक्का होत नाही.

आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते पाहा. पंपाजवळचा जोड असेल तर मेन स्विच बंद करा, जोड कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा आणि वर्तमानपत्राचा कपटा गुंडाळून पाणी सोडा. कपटा जिथे आधी ओला होतो तिथे दोष. बऱ्याचदा गळती वरच्या आट्यांतून असते आणि पाणी ओघळून पाइपच्या तोंडाशी ठिबकतं, म्हणून दोष पाइपवर जातो. आटे गळत असतील तर निपल काढा, जुनी टेप खरवडून टाका आणि टेफ्लॉन टेपचे ८ ते १० वेढे द्या. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आवळताना ती निघून येते. प्लॅस्टिकच्या निपलला पान्याचा जोर लावू नका, त्याला केसासारखी चीर पडते आणि ती सहसा पाणी सुरू असतानाच दिसते.

सगळ्यात जास्त फसवतं ते माप. निपलला दोन मापं असतात, एक आट्यांचं आणि एक पाइपचं. अर्धा इंची आट्यांचा बाहेरचा व्यास जवळपास २१ मि.मी. भरतो, तर अर्धा इंची पाइपचा आतला व्यास १२.७ मि.मी. असतो. पाऊण इंची पाइप आतून १९ मि.मी. असतो. त्यामुळे दुकानात नुसतं ‘अर्धा इंची निपल द्या’ म्हणू नका, पाइपचा वीतभर तुकडा सोबत न्या. पाइप कोरड्या हाताने, काहीही जोर न लावता शेवटपर्यंत सरकला तर ते निपल त्या पाइपसाठी नाही. कडांचा सर्वांत मोठा व्यास पाइपच्या आतल्या मापापेक्षा साधारण १ ते २ मि.मी. जास्त हवा.

मग पाइपचं टोक. उन्हात पडलेला पीव्हीसी पाइप काही महिन्यांत कडक होतो आणि त्याची ताणून घट्ट बसण्याची ताकद जाते. अशा पाइपचं टोक ३ ते ४ सें.मी. कापून टाका. हॅक्सॉने कापलेलं तोंड खरबरीत राहतं, धारदार कटरने सरळ, काटकोनात कापा. टोक कापूनही आतला भाग कडकच लागला तर पाइपच बदलायला हवा. जाळीच्या पाइपमध्ये पाणी दोन थरांच्या मधून, कापलेल्या तोंडाशी येत असेल तर आतला थर फाटलाय. तेवढा भाग कापून जोड नव्याने करावा लागेल.

पाइप चढत नसेल तर टोक ६० ते ७० अंशांच्या गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा आणि लगेच, न पिळता, सरळ दाबून शेवटच्या कडेपर्यंत चढवा. मेणबत्ती किंवा लायटर वापरू नका, एक बाजू वितळून पातळ होते. तेल किंवा ग्रीसही नको. तेलकटपणा आत राहतो आणि दाब आला की पाइप सटकतो, शिवाय खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरेसं आहे, ते वाळून जातं.

क्लिप पाइपच्या तोंडापासून साधारण ५ मि.मी. आत आणि पट्टीखाली निपल येईल अशी बसवा. निपलच्या टोकापलीकडे गेलेली क्लिप पाइप नुसता चिमटते. निपलला एकच फुगवटा असेल तर क्लिप त्याच्या मागे, आट्यांच्या बाजूला हवी. क्लिप पाइपपेक्षा फार मोठी घेतली तर शेवटपर्यंत आवळूनही स्क्रूजवळ ती गोल होत नाही, आणि गळती तिथूनच होते. पट्टीच्या खाचांतून पाइप वर फुगायच्या आत थांबा. दुसऱ्या दिवशी पाइप किंचित दबलेला असतो, तेव्हा अर्धा फेरा पुन्हा आवळा. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या पाइपवर आवळलेली क्लिप सकाळी सैल निघते, हे काम सावलीत करा.

कडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. खाचा बुजतात आणि निसरड्या टेपवरून पाइप मागे सरकतो. एम-सील कडक होतं, पण पाइप वाकत राहतो, त्यामुळे सांधा सुटतो. बाइंडिंग तार पाइपमध्ये रुतून तो कापते. सायकलच्या ट्यूबची ताणून बांधलेली पट्टी तारेपेक्षा बरी, पण तीही क्लिप आणेपर्यंतच.

पंप चालू असताना पुढची स्प्रे गन बंद करणं हे पाइप उडण्याचं मोठं कारण आहे. पाणी थांबलं की पंपाचा पूर्ण दाब जोडावर येतो. २ इंची पाइपमध्ये दर चौरस सें.मी.ला २ किलो दाब असेल तर पाइप निपलवरून ढकलणारा जोर जवळपास ४० किलो होतो. तिथे दोन क्लिपा लावा, स्क्रू समोरासमोर ठेवून.

सक्शनची, म्हणजे पंपाकडे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या जोडाची गळती वेगळी ओळखावी लागते. पंप चालू असताना तिथे पाणी बाहेर येत नाही, हवा आत शिरते. डिलिव्हरी, म्हणजे पंपातून बाहेर पडणारी धार, अडखळते, पाणी बुडबुड्यांनी पांढुरकं येतं, पंप पाणी ओढेनासा होतो आणि दोष फूटव्हॉल्व्हवर, म्हणजे सक्शन पाइपच्या तळाच्या झडपेवर जातो. तो बदलण्याआधी पंप चालू ठेवून जोडावर साबणाचा दाट फेस लावा. फेस आत ओढला गेला तर तिथून हवा जातेय. पंपात पाणी भरल्यावर, मोटर सुरू करण्याआधीही पाहा. भरलेल्या पाण्याच्या पातळीखालचा सैल जोड तेव्हा ठिबकतो. सक्शनच्या पाइपवर बाहेरून वळ्या असतील तर रुंद पट्टी उंचवट्यांवर तिरकी बसते. तिथे अरुंद पट्टीच्या दोन क्लिपा वापरा, आणि पंप पुन्हा जोडल्यावर फेसाची चाचणी परत करा.