एजंटला टूल समजेल असं कसं लिहावं

मी बाजारभाव शोधून देणारं एक टूल सांभाळते. शेतकरी एजंटला, म्हणजे टूल वापरून काम करणाऱ्या एआय सहाय्यकाला, विचारतो, "लासलगावला आज कांदा काय गेला?" एजंट आमच्या टूलला कॉल करून उत्तर देतो. उत्तर चुकलं तर भरलेली गाडी भलत्याच बाजाराकडे निघू शकते, म्हणून टूलच्या वर्णनातल्या एकेका ओळीसाठी मी हट्ट धरते.

आधी हे पक्कं धरून चला की एजंटला तुमचा कोड दिसत नाही. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला एमसीपी (एआयला टूल जोडण्याची एक ठरलेली पद्धत) घ्या, नाहीतर फंक्शन कॉलिंगची, म्हणजे एआयकडून टूलला कॉल करवण्याची, दुसरी कुठली पद्धत. एजंटपुढे मुख्यतः टूलचं नाव, वर्णन आणि जेसन स्कीमातली (कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची ते सांगणाऱ्या आराखड्यातली) इनपुटची मांडणी येते. ऑफिसातल्या सगळ्यांना तोंडपाठ असलेली गोष्टही तिथे लिहिली नसेल, तर एजंट अंदाज बांधतो.

नावावर फार वेळ घालवू नका. 'गेट डेटा' नको, 'गेट मार्केट रेट्स' चालेल. खरी मेहनत वर्णनावर घ्या. आमचं असं आहे:

"एका बाजार समितीतले एका शेतमालाचे एका दिवसाचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर देते. दर रुपयांत, कशाला ते 'एकक' या फील्डमध्ये पाहावं. किरकोळ भाव किंवा उद्याचा अंदाज यासाठी वापरू नये."

शेवटचं वाक्य बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचं. टूल कशासाठी नाही हे सांगितलं नाही, तर एजंट जुन्या दरावरून उद्याचा भाव सांगून मोकळा होऊ शकतो.

एककाची गोष्ट तर बाजारातच शिकावी. कांद्याचा दर क्विंटलचा असतो, पण पुण्यात कोथिंबीर नगावर जाते. म्हणून "दर क्विंटलमध्ये" असं वर्णनात एकदा लिहून भागत नाही. उत्तराच्या प्रत्येक ओळीत एकक द्या.

बाजाराच्या नावाचंही तसंच. 'लासलगाव', 'लासलगाव - निफाड' आणि 'लासलगाव - विंचूर' यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. मोकळं टेक्स्ट घेऊ नका, कोड घ्या आणि कोड शोधायला वेगळं टूल द्या. कांद्याच्या प्रकारासारखी छोटी यादी स्कीमातच एनम, म्हणजे ठरावीक पर्याय, म्हणून लिहा: लाल, उन्हाळी, पांढरा. शेतकरी नुसतं "कांदा" म्हणाला तर काय करायचं तेही सांगा. आमच्याकडे प्रकार रिकामा ठेवला की सगळे प्रकार येतात.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच मागा, नाहीतर ०५-०६ म्हणजे मे की जून याचा घोळ होतो. 'आज' भारतीय वेळेनुसार, हेही लिहा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस असतो.

रिकामी यादी कधीच पाठवू नका. बाजार बंद होता, आवक नव्हती, की नोंद अजून आली नाही, ते शब्दांत सांगा. शेतकऱ्याच्या लेखी या तीन वेगळ्या बातम्या आहेत. एररही तशीच लिहा. "४०० बॅड रिक्वेस्ट" (मागणी चुकीची) एवढ्यावरून एजंटला पुढे काय करावं ते कळत नाही. "या कोडचा बाजार सापडला नाही, आधी बाजार शोधणारं टूल वापरा" एवढं वाचलं की तो स्वतःच दुरुस्ती करू शकतो. एमसीपीमध्ये अशी एरर टूलच्या निकालातच, 'इझ एरर' ही खूण लावून पाठवा, म्हणजे ती एजंटमागच्या एआय मॉडेलपर्यंत पोहोचते.

नुसती माहिती न देता काही बदल घडवणाऱ्या टूलची खूण वेगळी करा. आमच्या एसएमएस टूलवर लिहिलंय: "प्रत्येक कॉलला नवा मेसेज जातो. उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा कॉल करू नये." एमसीपीत 'रीड ओन्ली हिंट' (टूल फक्त वाचतं), 'डिस्ट्रक्टिव्ह हिंट' (टूल काही पुसू-बिघडवू शकतं) आहेत, ते जरूर भरा, पण त्या सूचनाच आहेत, खरा अडसर कोडमध्येच हवा.

मग तपासा. "काल विंचूरला उन्हाळ कांदा काय गेला" असे शेतकऱ्यांच्या तोंडचे प्रश्न जमवा, कोरं संभाषण उघडून विचारा आणि उत्तराआधी कॉल वाचा: कोणता कोड, कोणती तारीख गेली? वर्णनातलं एक वाक्य बदललं तरी सगळे प्रश्न पुन्हा विचारा, कारण एका ठिकाणची दुरुस्ती दुसरीकडे बिघाड करते. आणि कोड बदलाल त्याच कमिटमध्ये (बदलांच्या एकाच नोंदीत) वर्णनही बदला.