नवलकोलाचे पाणी तोडू नका : नाशिक परिसरातील परसबागेसाठी सल्ला

परतीचा पाऊस ओसरू लागला, की नाशिक परिसरातील परसबागांत नवलकोलाचे बी टाकण्याची लगबग सुरू होते, आणि डिसेंबर उजाडला की दर वर्षी तीच तक्रार कानावर येते, की गड्डे उकलले किंवा सुरी चालत नाही इतके निबर झाले. दोष कधी बियाण्याला दिला जातो, कधी खताला. परंतु असे जे वाफे मी स्वतः जाऊन पाहिले, त्यांपैकी बहुतेकांत कारण एकच होते, ते म्हणजे पाण्यात पडलेला खंड.

नवलकोलाचा गड्डा हे मूळ नव्हे. ते जमिनीच्या वर फुगलेले खोड आहे, आणि त्याला पोसणारी बहुतेक मुळे वरच्या वीतभर मातीतच पसरलेली असतात. हा थर कोरडा पडला की वाढ थांबते आणि गाभ्यात चिवट तंतू तयार होतात. त्यानंतर भरपूर पाणी मिळाले, तर आतला गर झपाट्याने फुगतो, साल तेवढी ताणली जात नाही, आणि गड्डा उभा उकलतो. आठवडाभर विसरून रविवारी वाफा तुडुंब भरणाऱ्यांचे पीक नेमके असे जाते. थंडीत ऊन बोचत नाही, त्यामुळे पाण्याची गरज नाही असे वाटते; निफाडकडे पारा उतरला की हा गैरसमज अधिकच वाढतो, आणि नेमके तेच दिवस गड्डा भरण्याचे असतात.

नेहमीची कामे थोडक्यात अशी :

- बी सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे टाकावे.
- व्हाईट व्हिएन्ना ही लवकर येणारी जात परसबागेला पुरेशी आहे.
- गादीवाफ्यावर, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेल्या वाफ्यावर, 1 सेंटिमीटर खोल, ओळीत आणि विरळ पेरावे.
- चौरस मीटरला 2 किलो चांगले कुजलेले शेणखत द्यावे.
- चार-पाच पानांची रोपे, साधारण चार ते पाच आठवड्यांनी, 30 × 20 सेंटिमीटर अंतरावर लावावीत.
- लागवडीनंतर लगेच पाणी आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी, म्हणजे लागवडीनंतरचे दुसरे पाणी, द्यावी.
- खुरपणी वरवर करावी. गड्ड्यावर माती चढवू नये.

यांपैकी गादीवाफ्याची सूचना मात्र कोणीही टाळू नये. ऑक्टोबरमध्ये अजूनही एखादी सर तासभर कोसळते, आणि सपाट वाफ्यात पाणी साचले की दाट उगवलेली रोपे मातीलगत सडून एका रात्रीत आडवी होतात. ढग दिसताच वाफ्यावर आडोसा करावा. अशी मर दिसलीच, तर 1 लिटर पाण्यात 3 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक मिसळून रोपांच्या बुडाशी ओतावे.

पुनर्लागवडीनंतर चौरस मीटरला आठवड्याला सुमारे 25 लिटर पाणी लागते, मात्र ते दोन-तीन वेळा विभागून द्यावे. गच्चीवरच्या पिशव्या आणि कुंड्या लवकर सुकतात, त्यामुळे त्या रोज पाहाव्यात. बोट दोन पेरे खुपसून ओल लागते का, हे तपासणे मला कोणत्याही वेळापत्रकापेक्षा खात्रीचे वाटते. उसाच्या पाचटाचे किंवा सुक्या पानांचे आच्छादन घातले, तर चुकलेला एखादा दिवस निभावतो. माझा अनुभव असा आहे, की गड्डा लिंबाएवढा असताना बसलेला ताण पुढे कितीही पाणी दिले तरी भरून येत नाही. याला प्रयोगाचा आधार मी देऊ शकत नाही, पण त्यावर विसंबून मी वागतो.

गड्डा फुगवण्याच्या नावाखाली दुकानात संजीवकांच्या आणि टॉनिकच्या बाटल्या पुढे केल्या जातात. चार-सहा वाफ्यांसाठी त्यांवर पैसे घालवू नयेत, कारण कोरड्या मातीतल्या गड्ड्याला त्यांचा उपयोग नाही.

ढगाळ हवा दोन दिवस टिकली, की पानांची खालची बाजू त्याच दिवशी उलटून पाहावी. मावा किंवा चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या हिरव्या अळ्या दिसल्यास थांबू नये. 50 ग्रॅम निंबोळी पावडर 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, चिमूटभर साबणाचा चुरा घालून सायंकाळी फवारावी, आणि आठवड्याने पुन्हा फवारावी. वाफ्याच्या कडेने आधीच मोहरी पेरलेली असल्यास पतंग तिकडे ओढला जातो. द्राक्षबागेतले उरलेले औषध मात्र परसातल्या भाजीवर कदापि मारू नये. ही भाजी आपल्याच ताटात येणार असते, आणि तिची पानेही खाल्ली जातात.

लागवडीनंतर 50 ते 60 दिवसांत गड्डा 5 ते 7 सेंटिमीटर, म्हणजे लिंबापेक्षा मोठा आणि मोसंबीपेक्षा लहान झाला, की तो कापावा. आणखी मोठा होऊ देण्याच्या मोहात तो निबर होतो. आपल्याकडे कांद्याचे पाणी काढणीपूर्वी पंधरा दिवस तोडतात, आणि हात त्याच सवयीने नवलकोलाचेही पाणी बंद करतो. ते करू नये. शेवटचा गड्डा कापून होईपर्यंत वाफ्यात ओल राहिली पाहिजे.